सोशीकपणाचा हिशेब

‘सोशीक’ हे विशेषण मराठी घरात जितक्या सढळ हाताने वाटले जाते, तितके दुसरे क्वचितच वाटले जात असेल. बैल सोशीक असतो, थोरली सून सोशीक असते, कचेरीतला जुना कारकून सोशीक असतो, आणि अलीकडे मोटारगाडीही सोशीक असू लागली आहे. ज्यास हे विशेषण लावावयाचे त्याने ह्यापुढेही असेच सोशीत राहावे, अशी लावणाऱ्याची मनातून अपेक्षा असते. ती मात्र कोणी बोलून दाखवीत नाही. आम्हीही हे विशेषण आयुष्यभर वाटत आलो. त्याचा फेरविचार करण्याचा प्रसंग आम्हांवर शिरूरहून दौंडास जाताना, एका जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये बसलो असता आला. सबब नीतीच्या एका प्रश्नाची चर्चा करताना आम्हांस स्प्रिंगा आणि शॉकॲब्सॉर्बर ह्यांची भाषा वापरावी लागत आहे, ह्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

गाडी आमची नव्हे. आमच्या एका माजी विद्यार्थ्याची. तो मूळचा दौंडचा, रेल्वेतल्या माणसाचा मुलगा, आणि नोकरीस रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत. गाडीचे नाव अबार्थ पुंटो. ही गाडी शिरूर तालुक्यातल्याच, म्हणजे रांजणगावच्याच फियाटच्या कारखान्यात बांधली गेली आणि २०१५ च्या ऑक्टोबरात विक्रीस आली. इंजिन १४५ अश्वशक्तीचे. जमिनीपासूनची उंची साध्या पुंटोपेक्षा मुद्दाम कमी ठेवलेली, अवघी १५५ मिलिमीटर. आणि स्प्रिंगा अधिक ताठ. हिला स्पोर्ट्स कार म्हणावे की नुसती चपळ हॅचबॅक म्हणावे, ह्याबद्दल जाणत्यांत वाद आहे आणि त्यात पडण्याचा आम्हांस अधिकार नाही. तिच्या कपाळावर विंचू आहे. कार्लो अबार्थ १९०८ साली व्हिएन्नात जन्मला व १९४९ साली त्याने इटलीत आपला उद्योग उभारला. त्याची रास वृश्चिक, म्हणून हे चिन्ह. (आपल्या पंचांगाने त्याची रास कोणती निघाली असती, हा प्रश्न निराळा.) फियाट नावाच्या गाड्यांची विक्री ह्या देशात २०१९ मध्ये थांबली. तेव्हापासून असल्या गाडीचा मालक हा काहीसा पोरक्या मुलाच्या पालकासारखा झाला आहे: प्रेम पुष्कळ, पण सुटे भाग मिळण्याची पंचाईत.

आमच्या विद्यार्थ्याने ती दुसऱ्या हाताने घेतली आणि रोज दौंड ते रांजणगाव अशी पळवू लागला. केडगाव, पारगावाजवळ भीमेचा पूल, न्हावरे, शिरूर, आणि मग नगर रस्त्याने रांजणगाव. हा सारा ऊसपट्टा. पावसाळ्यात रस्त्यास खळगे पडतात, ते बुजवितात तेव्हा त्यांचे उंचवटे होतात, आणि प्रत्येक गावाच्या वेशीवर ग्रामस्थांच्या भीतीच्या प्रमाणात उंचीचे गतिरोधक असतात. कमी उंचीच्या, ताठ स्प्रिंगांच्या गाडीने ह्या रस्त्यावर रोज जावे यावे, ही एक प्रकारची तपश्चर्याच. गाडी वर्षागणिक अधिक आदळू लागली. वळणावर एका अंगावर झुकू लागली. गतिरोधकावरून उतरल्यावर दोन-तीनदा डुलू लागली. त्यास विचारले असता तो हसून म्हणे, “सर, मला सवय झालीय. आपल्याला हिसके चालतात.” हे उत्तर आम्हांस इतके आवडले की ‘तितिक्षा’ ह्या शब्दाचा अर्थ वर्गात सांगताना, नाव न घेता, आम्ही त्याचा दाखला दिला. सुखाच्या मागे लागलेल्या ह्या काळात हिसके सोसण्यात अभिमान मानणारा तरुण आहे, असे आम्ही म्हणालो. मुलांनी ते लिहूनही घेतले.

मागल्या गळीत हंगामात एके संध्याकाळी त्याच्या घरी जेवावयास म्हणून आम्ही त्याच गाडीतून निघालो. न्हावरे मागे पडले, अंधार पडू लागला. पुढे उसाने शिगोशीग भरलेली बैलगाडी चालली होती. दिवा नाही, कंदील नाही. उसाच्या ढिगावर एक बाई मुलाला पदराखाली घेऊन बसली होती आणि पुढे तिचा धनी. ती दिसताच आमच्या विद्यार्थ्याने ब्रेक दाबला. वेग फार नव्हता. अंतरही, एरव्ही पाहता, पुरेसे होते. परंतु रस्ता तेथे उखडून लहान लहान लाटांसारखा झाला होता. ब्रेकने चाक धरले, पण चाकाने रस्ता धरला नाही. गाडी थांबण्याऐवजी उड्या मारीत पुढे पुढे गेली, आणि थांबली तेव्हा उसाची वाढी काचेस टेकली होती. बैलाने मान वळविली. बाईने आमच्याकडे पाहिले व ओरडली नाही. बहुधा तिलाही सवय असावी. त्यानंतर दौंड येईपर्यंत आम्ही दोघेही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी शिरूरास, घोडनदीच्या काठच्या त्या गावात, एका मिस्त्रीकडे गेली. आम्हीही गेलो, त्या वाढ्याची टोके अजून डोळ्यांपुढे होती. मिस्त्रीने गाडीचा एक कोपरा दोन्ही तळव्यांनी खाली दाबला व सोडला. चांगल्या गाडीने वर येऊन लगेच स्थिर व्हावे. ही चांगली तीनदा वरखाली झाली. मग त्याने आम्हांस चाकाशी वाकावयास लावले. शॉकॲब्सॉर्बरच्या नळीवर तेलाचा ओघळ, त्यावर धुळीचा थर. “शॉकप मेलेत,” तो म्हणाला, “आणि स्प्रिंगा बसल्यात.” टायरवर त्याने हात फिरवून दाखविला. रबर सारखे झिजलेले नव्हते. ठिकठिकाणी खळगे पडले होते. चाक रस्त्यावरून चालत नव्हते, ठेचा खात होते, ह्याचा तो लेखी पुरावाच होता.

येथे यंत्राविषयी दोन शब्द बोलणे अवश्य आहे, कारण आमचा सारा युक्तिवाद त्यावर उभा आहे. स्प्रिंग धक्का सोशीत नाही. ती तो साठविते. इंग्लंडातल्या रॉबर्ट हूकने १६७८ साली प्रसिद्ध केलेला नियम शाळेतल्या मुलासही ठाऊक असतो: जितका ताण, तितका प्रतिकार. खळग्यातून येणारा आघात स्प्रिंग दबून पोटात घेते आणि पुढल्याच क्षणी जवळपास सगळाच्या सगळा परत करते. नुसत्या स्प्रिंगेवर गाडी ठेवली तर एका दगडाचा आघात ती पुढे कितीतरी वेळ डोलून फेडीत राहील. आघात खरोखर संपविण्याचे काम शॉकॲब्सॉर्बरचे. त्याच्या नळीतला दट्ट्या तेलात वरखाली होतो, तेल बारीक छिद्रांतून मोठ्या कष्टाने वाट काढते, आणि त्या घर्षणात आघाताची उष्णता होऊन ती वाऱ्यावर जाते. खराब रस्त्यावरून आल्यावर त्या नळीस हात लावला तर ती ऊन लागते. आणि ह्या दोघांचे अंतिम प्रयोजन बसणाऱ्याचे सुख हे नव्हेच. चाक सदैव रस्त्यास टेकलेले राहावे, हे आहे. टेकलेल्या चाकासच वळता येते आणि थांबता येते. बसणाऱ्याची पाठ वाचते, हा त्यातून मिळणारा अनुषंगिक लाभ होय.

ही गोष्ट ध्यानात आली आणि आमच्या वर्गातल्या दाखल्याचा पायाच खचला. आमचा विद्यार्थी समजत होता की हिसके त्याचे, पाठ त्याची, म्हणून सोसण्याचा हक्कही त्याचा. मिलने १८५९ च्या आपल्या स्वातंत्र्यावरील निबंधात ज्यास केवळ स्वतःपुरते वर्तन म्हटले, त्यात तो हे धरून चालला होता. आगरकरांच्या पिढीने मिल वाचून पचविला आणि आमच्या पिढीने तो परीक्षेपुरता पाठ केला, त्यामुळे असेल, पण त्याच निबंधातला एक दाखला आम्ही सोयीस्करपणे विसरलो होतो. एखादा माणूस केवळ प्याला म्हणून त्यास शिक्षा करू नये, असे मिल म्हणतो. परंतु शिपाई अगर सैनिक कामावर असताना प्याला तर त्यास शिक्षा केलीच पाहिजे. गाडी हाकणारा मनुष्य हाकीत आहे तोवर कामावरच आहे. त्याच्या पाठीचे हिसके त्याचे असतील. उसाच्या ढिगावर बसलेली बाई त्याची नव्हे. सोसण्याचा निर्णय त्याने एकट्याने घेतला होता, आणि तो चुकला असता तर फेड तिने करावयाची होती. तिला कोणी विचारले नव्हते.

परंतु ह्याहूनही अस्वस्थ करणारी गोष्ट स्प्रिंगेच्या त्या साठवून परत करण्यात आहे. आमच्या मातोश्रींस सर्व आप्तेष्टांनी ‘सोशीक’ ही पदवी एकमुखाने बहाल केली होती. आमच्या आजीचा जाच त्यांनी वीस वर्षे सोसला. उलट एक शब्द बोलल्या नाहीत. आम्ही मुले त्याचे कौतुक ऐकतच वाढलो. पुढे आजी गेल्या आणि काही वर्षांनी घरात थोरल्या वहिनी आल्या. वहिनींच्या पोळीस पापुद्रा सुटला नाही, किंवा दूध उतू गेले, एवढ्या कारणावरून मातोश्री तीन तीन दिवस त्यांच्याशी बोलत नसत. ‘आम्ही काय काय सोसले,’ हे वाक्य त्या अबोल्याच्या शेवटी एकदाच येई. त्या काळी आम्हांस हे दोन निरनिराळे स्वभाव वाटत: एक सोशीक, एक कठोर. आज वाटते की एकच आघात होता. तो वीस वर्षे साठविला गेला आणि मग, ज्याने तो दिला त्यास नव्हे, तर जो हाताशी होता त्यास परत केला गेला. आम्ही मातोश्रींस दोष देत नाही. त्यांच्या आयुष्यात आघात जिरविण्याची सोय कोणीच केलेली नव्हती; त्यांना कोणी विचारले नाही, बोलू दिले नाही, चार दिवस माहेरी धाडले नाही. आम्ही सर्वांनी मिळून त्यांस एक विशेषण दिले आणि त्यावर भागविले.

ज्या रस्त्याने आमचा विद्यार्थी रोज जातो त्याच रस्त्यावर केडगाव लागते. पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन तेथे आहे, आणि १९२२ साली रमाबाईंनी देह ठेवला तोही तेथेच. त्यांच्या धर्मांतराबद्दल वाद घालण्यात आमच्या आजोबांच्या पिढीने बरीच शाई खर्चिली. परंतु १८८७ साली ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक लिहून उच्चवर्णीय घरांतील स्त्रियांच्या सोसण्याचा जो हिशेब त्यांनी जगापुढे मांडला, तो त्या वादात बाजूसच राहिला. ज्यास घरोघर सद्गुण म्हणत होते, त्यास त्यांनी दुखणे म्हटले आणि त्यावर इलाज म्हणून जागा घेतली, घरे बांधली, शिकविले, काम दिले. विधवांच्या सोशीकपणाची स्तुती करणाऱ्यांची संख्या त्या काळी थोडी नव्हती. स्तुतीस खर्च येत नाही.

येथे कोणी विचारील, मग तितिक्षा हा गुणच नव्हे काय? शंकराचार्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या विवेकचूडामणीत प्रतिकार न करता, चिंता आणि विलाप न करता सर्व दुःखे सहन करणे, अशी तितिक्षेची व्याख्या केली आहे. तीस खोटे ठरविण्याचे धाडस आम्ही करीत नाही. परंतु त्या व्याख्येत चिंता व विलाप ह्यांचा अभाव अवश्य मानला आहे, हे आम्ही पूर्वी घाईने वाचीत होतो. जो आतून धुमसत आहे आणि बाहेरून गप्प आहे, तो तितिक्षू नव्हे. त्याने आघात केवळ लांबणीवर टाकला आहे. दुसरे असे, की ही व्याख्या ज्याच्यासाठी केली तो साधक आहे. त्याच्या हाती दुसऱ्याच्या जिवाची दोरी नाही. गृहस्थाने, आईने, शिक्षकाने, आणि हो, गाडी हाकणाऱ्यानेही ती जशीच्या तशी उचलावी काय, ह्याबद्दल आम्हांस आता दाट शंका वाटते.

आणखी एक अडचण आहे व ती आम्हांस सर्वांत मोठी वाटते. मिस्त्रीने जुनी स्प्रिंग काढून नव्या स्प्रिंगेशेजारी उभी केली, तेव्हा ती बोटभर ठेंगणी निघाली. आम्ही विचारले, “मग ती मऊ झाली म्हणावयाची का?” तो म्हणाला, “नाही सर, ताठपणा फार जात नाही. उंची जाते.” आम्ही नंतर चौकशी केली, तेव्हा त्याचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले. बसलेली स्प्रिंग दाबून पाहिली तर जवळपास पूर्वीइतकीच ताठ असते. फक्त तिच्यापाशी दबावयास जागा उरलेली नसते, आणि म्हणून गाडी लहानशा खळग्यातही तळास ठेकते. अभिमान कायम, अवकाश गेलेला! आणि हे सारे एका दिवसात घडत नाही. रोज केसभर. हाकणाऱ्याचे अंगही त्याच्या बरोबरीने रोज केसभर जुळवून घेते. त्यामुळे गाडी बिघडली आहे हे ओळखण्याचे जे माप, म्हणजे त्याची स्वतःची पाठ, तेच गाडीबरोबर खाली बसलेले असते. ‘मला सवय झालीय’ हे वाक्य त्याने आम्हांस प्रकृती ठीक असल्याची ग्वाही म्हणून दिले. वस्तुतः साक्षीदार फितल्याचा तो कबुलीजबाब होता. जो सोशीत आहे त्यास ‘किती सोसतोस?’ असे विचारून काही उपयोग नसतो. शेजारी दुसरी स्प्रिंग उभी करावी लागते.

आता बदलण्याचा प्रश्न. अबार्थच्या स्प्रिंगा दुर्मिळ. साध्या पुंटोच्या त्या मानाने मिळतात. त्या उंच व मऊ. त्या घातल्या तर गतिरोधकाची कटकट मिटेल, खर्च कमी येईल. पण मग ती गाडी तीच राहिली काय? आमच्या तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत हा प्रश्न फार मानाने बसलेला आहे. थीसियसच्या नावेच्या एकेक फळ्या बदलल्या, ती तीच नाव काय. मिलिंद राजास नागसेनाने विचारले, चाक म्हणजे रथ काय, आंस म्हणजे रथ काय. तीस वर्षे आम्ही हा प्रश्न मोठ्या गोडीने शिकविला. त्या दिवशी गॅरेजात उभे असता तो आम्हांस प्रथमच दुय्यम वाटला. नावेचे नाव काय ठेवावे ह्यापेक्षा नावेत कोण बसले आहे आणि समोरून कोण येत आहे, हे आधी पाहावयास हवे होते.

मिस्त्रीने तर त्याचा निकाल एका वाक्यात लावला. आमचा विद्यार्थी म्हणाला, “स्प्रिंगा साध्या पुंटोच्या घालू, शॉकप अबार्थचे जे मिळतील ते.” मिस्त्री मान हलवून म्हणाला, “स्प्रिंग एका घरची अन् शॉकप दुसऱ्या घरचा, संसार व्हायचा नाही.” ह्यात विनोद आहे पण अतिशयोक्ती नाही. जितका जोर स्प्रिंग परत फेकणार, तितकाच जिरविण्याच्या बेताने शॉकॲब्सॉर्बर बांधलेला असतो. जोडी विजोड झाली तर एक तर गाडी डुलते, नाही तर चाक वेळेवर खाली येत नाही. तसेच एकाच अंगाचा बदलून भागत नाही. पुढचे दोन्ही, मागचे दोन्ही, असे जोडीनेच बदलावे लागतात. मूळचा संच पुण्याच्या एका दुकानदाराने मागवून देण्याचे कबूल केले. किती दिवस लागतील ते सांगेना.

तेव्हा आमच्या विद्यार्थ्याने जी गोष्ट केली ती आम्हांस त्याच्या पूर्वीच्या सर्व सोसण्याहून मोठी वाटली. त्याने गाडी शिरूरास मिस्त्रीच्या आवारात उभी केली आणि चावी त्याच्याच खिळ्यास लावली. अडीच महिने तो एस. टी.ने, कधी सहकाऱ्याच्या मोटारसायकलीवर मागे बसून, कामावर गेला. घरी पोहोचावयास रात्रीचे नऊ वाजत. ह्याचा त्याने एकदाही अभिमान मिरविला नाही. उलट पुष्कळ कुरकुर केली. एस. टी. वेळेवर येत नाही, मोटारसायकलीवर डोळ्यांत धूळ जाते, आणि मिस्त्रीच्या आवारातली कोंबडी गाडीच्या बॉनेटवर बसते, ह्या तक्रारी आम्हांस फोनवर नियमाने ऐकावयास मिळत. आम्ही त्या आनंदाने ऐकल्या. ‘सोशीक’ हे विशेषण ह्या खेपेस आम्ही तोंडातून काढले नाही.

संच आला तेव्हा आम्ही मुद्दाम पाहावयास गेलो. काम बेतशीर असले तरी जपून करावयाचे असते. पुढच्या बाजूस स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकात एक बसविलेले असतात. स्प्रिंग शिकंज्यात आवळून दाबल्याखेरीज वरचा नट सोडता येत नाही. दाबलेली स्प्रिंग निसटली तर माणसाचा जबडा फोडील इतका जोर तिच्यात कोंडलेला असतो. मिस्त्रीने आपल्या हाताखालच्या पोरास तेवढ्या वेळापुरते बाजूस उभे केले. मागे दोन्ही निरनिराळे असतात, तेथे काम सोपे. झिजलेली रबरे, वरचे बेअरिंग, सर्व नवे घातले. एक गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती. गाडी जॅकवर उचललेली असता, रबरी बुशांतून जाणारे बोल्ट त्याने नुसते हाताने बसविले; आवळले नाहीत. आम्ही कारण विचारले. तो म्हणाला, “आत्ता आवळले तर रबर लटकल्या जागी पकडतंय. गाडी खाली टेकली की पीळ पडतो, अन् तो पीळ कायम राहतो. आधी गाडी आपल्या वजनावर उभी राहू द्यायची, मग आवळायचं.”

गाडी खाली उतरविली. तो जमिनीवर पाठ टेकून खाली सरकला आणि एकेक बोल्ट आवळीत गेला. आमचा विद्यार्थी विजेरी धरून उभा होता. नंतर चाकांचा कोन मोजून झाला, आणि संध्याकाळी आम्ही दोघे त्याच रस्त्याने निघालो. न्हावऱ्यापुढे तो उखडलेला भाग येताच त्याने आरशात पाहिले, मागे कोणी नाही अशी खात्री केली, आणि ब्रेक दाबला. गाडी थांबली. त्याने मुद्दाम उतरून चाकामागची खूण पाहिली. पाऊलभरही तुटलेली नव्हती.

“कडक लागतेय का, सर?” त्याने विचारले. लागत होती, आमच्या वयाच्या पाठीस तर चांगलीच. आम्ही तसे स्पष्ट सांगितले, आणि पुढे केडगावापर्यंत गाडी जरा हळू घेण्यास सांगितले.